‘हुषार’ आणि ‘ढ’

एका वाचक भगिनींनीं आम्हांस सविस्तर पत्र धाडलें आहे. त्यांचें कुटुंब एकत्र आहे. घरांत सासूसासरे, दोन भाऊ, दोन जावा आणि तीन मुलें. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा लहानपणापासून ‘हुषार’ म्हणून गणला गेलेला. पत्रलेखिकेची मुलगी त्याच्याहून वर्षानें धाकटी, तिच्याविषयीं बोलतांना सर्वांच्या तोंडीं एकच वाक्य, “फार मेहनती आहे हो बिचारी!” आठवीपर्यंत हें असेंच चाललें. नववींत गेल्यावर मुलगा गणिताचे पेपर घरीं दाखवीनासा झाला. ‘पेपर शाळेंतच ठेवून घेतात’ असें म्हणे आणि गुण मात्र तोंडीं सांगे. एके दिवशीं गाद्या उन्हांत घालण्यासाठीं उचलल्या, तेव्हां त्याच्या गादीखालीं दोन पेपर सांपडले. त्यांतील भूमितीच्या पेपरावर चाळीसांपैकीं सतरा गुण होते. घरीं त्यानें चौतीस सांगितले होते, आणि आजोबांनीं ते चौतीस आप्तेष्टांच्या व्हॉट्सॲप-गटावर कळविलेहि होते !

पुढें घरांत काय झालें, तें वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाहीं. पत्राच्या शेवटीं या बाईंनीं दोन प्रश्न विचारले आहेत. “ज्या मुलाचें घरांत इतकें कौतुक झालें, त्यानें खोटें कां बोलावें ? आणि माझ्या मुलीला ‘मेहनती’ म्हटलें कीं तिचा चेहरा कां पडतो ?”

पहिल्या प्रश्नाचीं उत्तरें घरोघर तयार असतात : संगत वाईट, मोबाईल फार, वय अडनिडें. त्यांत थोडेंफार तथ्य असेलहि. परंतु या मुलाच्या खोटेपणाचें मूळ त्याच्या कौतुकांतच शोधलें पाहिजे असें आम्हांस वाटतें ; आणि मुलीच्या पडलेल्या चेहऱ्याचें मूळहि तेथून फार दूर नाहीं.

प्रथम शब्दांकडेच पाहूं. ‘हुषार’ हा शब्द आपणांकडे फारसींतून आला. होशियार म्हणजे शुद्धीवर असलेला, जागा, सावध. दरबारांत चोपदार ‘होशियार’ अशी ललकारी देत, ती लोकांनीं सावध व्हावें म्हणून. त्यांची बुद्धि वाखाणण्यासाठीं नव्हे. सावधपणा येतो, जातो, आणावा लागतो. परंतु मराठींत रुळतां रुळतां हा शब्द जन्मतः लाभलेल्या मालमत्तेचा वाचक होऊन बसला. आतां मूल हुषार ‘असतें’, जसें तें गोरें असतें किंवा उंच असतें. त्याच्या उलट टोकाला ‘ढ’. या एकाक्षरी शिवीची उपपत्ति मोठी मार्मिक सांगतात. ब्राह्मी लिपींतील बहुतेक अक्षरें कालांतरानें ओळखूं येणार नाहींत इतकीं बदललीं. परंतु अशोकाच्या शिलालेखांतील ‘ढ’ आजच्या ‘ढ’सारखाच दिसतो. बावीसशें वर्षांत ज्याच्यांत फरक पडला नाहीं, तो ढ ! ही उपपत्ति मुळांतली असो वा मागाहून जुळविलेली असो, शिवी देणाऱ्याच्या मनांतलें तत्त्वज्ञान तिच्यांत पुरतें उतरलें आहे. ढ म्हणजे नुसता अज्ञ नव्हे. ज्याच्यांत बदल होणार नाहीं असा. आणि एका मुलाला न बदलणारा ढ ठरविलें, कीं दुसऱ्याला न बदलणारा हुषार ठरविणें ओघानेंच येतें.

मौज अशी कीं, मुलांच्या या सर्व उद्योगाला आपण जो शब्द वापरतों, तो ‘अभ्यास’ शब्द अगदीं निराळी गोष्ट सांगतो. अभ्यास म्हणजे आवृत्ति, पुन्हां पुन्हां करणें. पाणिनीच्या व्याकरणांत धातूचें द्वित्व झालें असतां त्यांतील पहिल्या भागाला ‘अभ्यास’ हीच संज्ञा आहे. वेदपाठशाळेंत गुरुजी संथा देतात, ती मुलाची बुद्धि किती याची चौकशी करून नव्हे. आवृत्त्या झाल्याच पाहिजेत, मग मूल कोणतेंहि असो. वैयाकरण बोपदेव लहानपणीं मंदबुद्धि होता आणि विहिरीच्या दगडावर दोरानें पडलेली खांच पाहून तो अभ्यासाला लागला, ही आख्यायिका आपण मुलांना मोठ्या आवडीनें सांगतों. आणि त्याच संध्याकाळीं शेजारणीला ‘गणित याच्या रक्तांतच आहे’ असेंहि सांगतों. मूल दोन्ही ऐकतें. विश्वास कशावर ठेवतें, तें नववींत दिसतें.

या विषयावर १९९८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांतील क्लॉडिया म्यूलर व कॅरोल ड्वेक या दोन विदुषींनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत सहा प्रयोगांची हकीकत आहे, आणि ती मुळांतून समजून घेण्याजोगी आहे.

पांचव्या इयत्तेंतील मुलांना एकेकटें बोलावून आकृतींचीं दहा कोडीं सोडवावयास दिलीं. रेव्हेन यांच्या प्रसिद्ध चाचणींतील हीं कोडीं. मोठ्या आकृतीचा एक तुकडा गहाळ असतो, तो खालीं दिलेल्या तुकड्यांतून निवडून काढावयाचा. कोडीं बेताचींच होतीं. वेळ संपल्यावर प्रत्येक मुलाला ‘छान केलेंस, पुष्कळ बरोबर आलीं’ असें सांगण्यांत आलें. येथवर सर्वांना सारखें. पुढें एका गटाला एकच वाक्य अधिक : ‘या कामांत तूं हुषार दिसतोस.’ दुसऱ्या गटाला : ‘यावर तूं खूप मेहनत घेतलेली दिसते.’ तिसऱ्या गटाला गुणांपलीकडे कांहींच सांगितलें नाहीं.

नंतर मुलांना विचारलें कीं, यापुढें कोणत्या तऱ्हेचीं कोडीं हवीं ? चुका होणार नाहींत अशीं सोपीं, आपली हुषारी दिसून येईल अशीं, कीं ज्यांत कदाचित् हुषारी दिसणार नाहीं पण शिकावयास पुष्कळ मिळेल अशीं ? ज्यांच्या मेहनतीची स्तुति झाली होती, त्यांच्यांपैकीं शेंकडा ९२ मुलांनीं शिकावयास मिळणारीं कोडीं मागितलीं. ज्यांना हुषार म्हटलें होतें, त्यांच्यांपैकीं शेंकडा ६७ मुलांनीं सोपीं किंवा हुषारी दाखविणारीं निवडलीं.

मग सर्वांना मुद्दाम कठीण कोडीं दिलीं आणि ‘या वेळीं कामगिरी बरीच खालावली’ असें सांगितलें. हुषार म्हटलेल्या मुलांना तीं कोडीं आवडेनाशीं झालीं. घरीं नेऊन सोडविण्याची उमेद कमी झाली. अपयशाचें कारण म्हणून त्यांनीं आपल्या बुद्धीकडे बोट दाखविलें. मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेल्यांनीं, आपण पुरेशी मेहनत घेतली नाहीं, असें कारण दिलें. शेवटीं पहिल्याइतक्याच काठिण्याचीं कोडीं पुन्हां दिलीं. तेव्हां मेहनतीचें कौतुक झालेल्या मुलांनीं पहिल्यापेक्षां अधिक सोडविलीं आणि हुषारीचें कौतुक झालेल्या मुलांनीं पहिल्यापेक्षां कमी. मुलें तींच, काठिण्य तेंच. मध्यें फक्त एक वाक्य आणि एक अपयश. (प्रयोग संपल्यावर, मधलीं कोडीं वरच्या वर्गाचीं होतीं हें मुलांना समजावून सांगण्यांत आलें, हें येथें नमूद केलेलें बरें, नाहींतर आमच्या वाचक माउल्यांना त्या लेकरांची कींव येईल.)

आतां या बाईंच्या पहिल्या प्रश्नाशीं ज्याचा साक्षात् संबंध आहे तो भाग. या मुलांना दुसऱ्या शाळेंतील एका अनोळखी मुलासाठीं कोड्यांविषयीं चार ओळी लिहावयास सांगितल्या. कागदावर आपलें नांव घालावयाचें नव्हतें. तें दुसरें मूल कधीं भेटणारहि नव्हतें. कागदावर आपले गुण लिहिण्यास मात्र जागा होती. हुषार म्हटलेल्या मुलांपैकीं शेंकडा ३८ मुलांनीं गुण खोटे लिहिले. इतर दोन्ही गटांत हें प्रमाण शेंकडा १३-१४ एवढेंच होतें.

येथें क्षणभर थांबून विचार करावा. स्तुति एका वाक्याची होती. ती करणारी व्यक्ति परकी होती. ती होऊन कांहीं मिनिटेंच लोटलीं होतीं. आणि खोटें लिहून पदरांत कांहींहि पडणार नव्हतें. आमच्या पत्रांतील मुलानें तेंच वाक्य चौदा वर्षें आई, बाप, काका, आजोबा, आत्या आणि शेजारीपाजारी या सर्वांच्या मुखांतून ऐकलें आहे. त्याच्या दृष्टीनें घरांतलें त्याचें स्थानच त्या शब्दावर उभें आहे. चाळीसांपैकीं सतरा गुण म्हणजे त्याला भूमितींतला एक कच्चा धडा वाटत नाहीं. चौदा वर्षें चाललेल्या खटल्याचा निकाल वाटतो. चांगल्या गुणांवरून ज्यांनीं आपल्याला हुषार ठरविलें, ते वाईट गुणांवरून आपल्याला काय ठरवितील, हा हिशेब मुलाला कोणी शिकवावा लागत नाहीं.

नववींतच हें कां घडावें, यालाहि कारण आहे. आठवीपर्यंतचें बरेचसें गणित चलाख स्मरणशक्तीवर आणि झपाट्यावर निभावून जातें. नववींत भूमितीची सिद्धता समोर येते. ती पाहतांक्षणीं सुटत नाहीं ; आकृति दोनतीनदां काढावी लागते, एक वाट सोडून दुसरी धरावी लागते. ज्याच्या मनावर ‘हुषार तो, ज्याला कष्टावांचून येतें’ असें ठसलें आहे, त्याला हे कष्ट हीच आपल्या बुद्धीच्या तोटक्या मापाची साक्ष वाटते. म्हणून तो कष्ट करीतच नाहीं. न करतां गुण गेले तर निदान ‘अभ्यास केला नाहीं म्हणून गेले’ असें म्हणतां तरी येतें. पालकांना हा आळस वाटतो. वस्तुतः तें अब्रूचें रक्षण असतें.

याच निबंधांत मुलांना बुद्धीविषयींहि प्रश्न विचारले होते. हुषारीची स्तुति ऐकलेल्या मुलांना बुद्धि ही न बदलणारी वस्तु वाटूं लागली होती. मेहनतीची स्तुति ऐकलेल्यांना ती वाढविण्याजोगी वाटत होती. म्हणजे स्तुतीनें नुसतें मन सुखावत नाहीं. मुलाला तीं एक सिद्धान्तहि शिकविते. आम्ही ज्याला गोड शब्द समजतों, तो मुलाच्या कानीं पडेपर्यंत एक पाठ झालेला असतो.

एवढें वाचून कोणी म्हणेल, मग सोपें आहे. उद्यांपासून ‘हुषार’ बंद आणि ‘मेहनती’ सुरू! परंतु या बाईंचा दुसरा प्रश्न नेमका येथेंच आडवा येतो. त्यांच्या मुलीला मेहनती म्हणतात, आणि तिचा चेहरा पडतो. अमेरिकेच्या त्या प्रयोगांतील मुलांना जो शब्द टॉनिकासारखा लागू पडला, तो आपल्या घरांत विषासारखा कां व्हावा ?

याचें कारण बोलण्याच्या सुरांत आहे. आपल्याकडे ‘मेहनती’ हें विशेषण स्वतंत्र येत नाहीं. त्याच्यापुढें किंवा मागें एक ‘बिचारी’ असते, एक ‘पण’ असतो, किंवा नुसता एक उसासा. “तो काय, एकदां वाचलें कीं त्याच्या लक्षांत राहतें, ही मात्र फार मेहनत घेते हो.” या वाक्यांतील स्तुति कोणाची आणि न्यून कोणाचें, हें कळण्याइतकी बुद्धि तर त्या ‘मेहनती’ मुलीला नक्कीच असते. आपल्या घरांत मेहनत हें बुद्धीच्या अभावीं दिलेलें सांत्वनाचें बक्षीस आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ वुल्फ-उवे मायर यांनीं १९७९ सालापासून प्रसिद्ध केलेले प्रयोग या ठिकाणीं उपयोगीं पडतात. दोन विद्यार्थ्यांनीं एकच सोपा प्रश्न सोडविला. शिक्षकांनीं एकाची भरभरून स्तुति केली आणि दुसऱ्याला नुसतें ‘बरोबर’ म्हटलें. शिक्षकांना या दोघांपैकीं कोणाची कुवत कमी वाटत असावी ? मोठ्या माणसांनीं उत्तर दिलें : ज्याची स्तुति केली त्याची. सोप्या गोष्टीबद्दल इतकें कौतुक, त्या अर्थीं याच्याकडून एवढीहि अपेक्षा नव्हती ! लहान मुलें स्तुतीला स्तुतिच समजतात. वय वाढतें तसतसें तीं तिच्या मागचा अंदाज वाचूं लागतात. तेव्हां तेरा वर्षांच्या मुलीनें ‘बिचारी’ हा शब्द वाचला नसेल, असें मानण्यांत अर्थ नाहीं.

मुलींच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. एलिझाबेथ गंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील ५३ कुटुंबांत मूल १४, २६ व ३८ महिन्यांचें असतांना घरीं जाऊन आईबापांचें मुलाशीं होणारें बोलणें टिपलें. आपल्या स्तुतीच्या शब्दांकडे कोणाचें लक्ष आहे हें आईबापांना ठाऊक नव्हतें. पांच वर्षांनीं तींच मुलें सातआठ वर्षांचीं झाल्यावर त्यांची विचारपूस केली. ज्यांनीं पाळण्यांतून उतरल्यापासून आपल्या कृतीची, प्रयत्नाची स्तुति अधिक प्रमाणांत ऐकली होती, त्यांना अवघड काम अधिक आवडत होतें, आणि माणसाची बुद्धि व स्वभाव बदलूं शकतो असें अधिक वाटत होतें. हा वृत्तांत २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतच हेंहि आढळलें कीं, मुलग्यांना मिळालेल्या एकूण स्तुतीपैकीं शेंकडा सुमारें २४ भाग कृतीविषयीं होता. मुलींच्या वांट्याला शेंकडा सुमारें १०. आईबाप सुशिक्षित असोत वा नसोत, मुलीला ‘गुणाची’ म्हणण्याची आणि मुलाला ‘केलेंस कीं नाहीं !’ म्हणण्याची संवय सातां समुद्रांपलीकडेहि आहे, असें दिसतें.

जुन्या बायका मुलाला तोंडावर चांगलें म्हणत नसत. म्हटलेंच तर मीठमोहऱ्या ओवाळून टाकीत. दृष्टीचें शास्त्र आपण बाजूस ठेवूं. परंतु स्तुति ही जपून हाताळण्याची वस्तु आहे एवढें त्यांना कळत होतें, हें कबूल केलें पाहिजे. त्यांच्या नातसुना मात्र चारेक रेघोट्यांनाहि ‘अप्रतिम’ म्हणतात. हॉलंडमध्यें ब्रुमेलमन व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं याची परीक्षा घेतली. मुलांना व्हॅन गॉगच्या एका चित्राची नक्कल काढावयास दिली, आणि चित्रकाराची म्हणून एक चिठ्ठी दिली. कांहींच्या चिठ्ठींत ‘सुंदर चित्र’ असें होतें, कांहींच्या चिठ्ठींत ‘विलक्षण सुंदर’. ज्या मुलांना स्वतःविषयीं मुळांत फारसा भरंवसा नव्हता, त्यांनीं ‘विलक्षण’ हा एक शब्द वाचल्यावर पुढील वेळीं सोपीं चित्रें निवडलीं. आणि अशाच मुलांना, त्यांचा धीर वाढावा म्हणून, मोठीं माणसें अतिशयोक्तीनें वाखाणतात असेंहि त्यांना आढळलें. एकदां विलक्षण ठरल्यावर दुसऱ्यांदा नुसतें बरें काढण्याची हिंमत कोठून आणावी ?

हें सर्व लिहितांना दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. म्यूलर-ड्वेक यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष सर्वत्र तसेच येतात असें नाहीं. ली आणि बेट्स या संशोधकांनीं २०१९ सालीं चीनमधील सहाशेंहून अधिक मुलांवर तो करून पाहिला, तेव्हां अपयशानंतरच्या कामगिरींत स्तुतीच्या प्रकारामुळें फारसा फरक दिसला नाहीं. एका वाक्यानें मुलाचें आयुष्य घडतें किंवा बिघडतें, असें म्हणणाऱ्या पुस्तकांपासून आणि शिबिरांपासून वाचकांनीं चार हात दूर राहावें. आम्ही या प्रयोगांतून एवढेंच घेतों कीं, स्तुतीच्या पाठीमागें एक मत असतें आणि मूल तें ऐकतें. घरांत तें मत वर्षानुवर्षें एकाच दिशेनें बोललें जातें. प्रयोगशाळेंत तें पांच मिनिटें बोललें जातें. दोहोंचें माप एक असणार नाहीं.

तसेंच, कौतुक मुळींच करूं नये असाहि याचा अर्थ नाहीं. १९२५ सालीं एलिझाबेथ हर्लॉक यांनीं अमेरिकेंतील शाळकरी मुलांना पांच दिवस बेरजेचीं उदाहरणें घातलीं. कांहींची रोज सर्वांदेखत स्तुति केली, कांहींना रोज रागें भरलें, आणि कांहींकडे त्याच खोलींत बसवून साफ दुर्लक्ष केलें. रागें भरलेल्यांनीं आरंभीं उसळी घेतली, पण ती टिकली नाहीं. स्तुति झालेलीं मुलें सर्वांत पुढें गेलीं. ज्यांच्याकडे कोणी पाहिलें नाहीं त्यांची सुधारणा या तिघांत सर्वांत थोडी. तेव्हां ‘आमच्या वेळीं कोणी पाठ थोपटीत नव्हतें’ म्हणून मिशांना पीळ भरणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं या लेखाचा आधार घेऊं नये.

मग बोलावें कसें ? आमचें मत असें कीं, मुलाला विशेषण देऊं नये. त्यानें काय केलें तें त्याला सांगावें. “या सिद्धतेंत तूं आधीं आकृति मोठी काढलीस, म्हणून समान कोन दिसले.” “निबंधाची सुरुवात तूं दुसऱ्या वेळीं बदललीस. आतां ती वाचावीशी वाटते.” अशा बोलण्याला ‘हुषार’ म्हणण्यापेक्षां वेळ अधिक लागतो, कारण त्यासाठीं वही उघडून पाहावी लागते. घाईंत असलेल्या माणसाला ‘हुषार’ हा शब्द फार सोयीचा आहे, हेंहि त्याच्या प्रसाराचें एक कारण असावें ! मुलानें दहा सोपीं उदाहरणें झटपट सोडविलीं, तर वाखाणणी नकोच. “हीं तुला फारच सोपीं होतीं, जरा अवघड पाहूं” एवढें पुरे. आणि प्रयत्न करूनहि गणित चुकलें, तर “प्रयत्न केलास ना, झालें तर” असें म्हणून पाठ फिरवूं नये. स्वतः ड्वेक बाईंनींच २०१५ सालीं इशारा दिला कीं, शिकणें झालें नसतां नुसत्या प्रयत्नाची स्तुति करणें म्हणजे मुलाची समजूत काढणें होय. ज्या रीतीनें प्रयत्न केला ती रीत चुकली असेल, तर दुसरी शोधून देणें हेंच कौतुक.

आमच्या भगिनींच्या पुतण्याविषयीं विचाराल तर, आजोबांनीं गटावर चौतीसांची दुरुस्ति कळविण्याच्या भरीस पडूं नये. त्यानें मुलाची शोभा होईल, शिकणें होणार नाहीं. मुलांचे गुण गटावर कळविण्याची प्रथाच मुकाट्यानें बंद करावी. खोटें बोललास हें चुकलें, असें एकदां स्पष्ट सांगावें आणि तो विषय तेथें संपवावा. मग तो सतरा गुणांचा पेपर कोणीतरी त्याच्याजवळ बसून उलगडावा. गेलेले तेवीस गुण कोणत्या पायरीला गेले, तें एकेक पाहावें. शक्य असल्यास हें काम काकूंनींच करावें, म्हणजे या पत्रलेखिकाबाईंनीं. आईसमोर पडलेली अब्रू मुलाला फार जड जाते. काकूपाशीं ती तितकी जड नसते, आणि एकत्र कुटुंबाचा हा एक फायदा आहे. त्याच पाटावर आपल्या मुलीलाहि बसवावें. तिला ज्या वस्तूची संवय आहे, म्हणजे एक गणित तीनदां करून पाहण्याची, ती घरांत सध्यां फक्त तिच्यापाशींच आहे. ती कशी करते, हें तिला भावाला दाखवूं द्यावें. त्या वेळीं ‘बिचारी’ म्हणणारा कोणी जवळ नसावा.

पाहुणे आले कीं मुलांना पुढें बोलावून ‘हा आमचा हुषार, आणि ही मेहनती’ असा परिचय करून देण्याची रीतहि सोडून द्यावी. मूल आंत माजघरांत असेल तरी त्याचे कान बाहेरच असतात, आणि तोंडावर केलेल्या स्तुतीपेक्षां परस्पर ऐकलेलें मत त्याला अधिक खरें वाटतें. पाहुण्यांनीं ‘कितवा नंबर ?’ म्हणून विचारलेंच, तर ‘सध्यां वर्तुळाचा धडा चालू आहे’ असें सांगावें. पाहुणे बहुधा विषय बदलतील.

शेवटीं एक गोष्ट सांगण्यासारखी राहते. बोस्टनजवळील एम. आय. टी. या संस्थेंत ज्युलिया लेनर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं पंधरा महिन्यांच्या सुमाराच्या बालकांपुढें एक प्रयोग केला. कांहीं बालकांसमोर मोठ्या माणसानें डब्यांतलें खेळणें पुष्कळ खटपट करून बाहेर काढलें. कांहींसमोर तेंच लीलया काढलें. नंतर बालकांच्या हातीं एक निराळें, वाजेल असें वाटणारें खेळणें दिलें. ज्यांनीं खटपट पाहिली होती, त्यांनीं त्याची कळ अधिक वेळां दाबली. त्यांना कोणीं शाबास म्हटलें नव्हतें. आपल्या घरांतील मोठीं माणसें जें त्यांना चांगलें येतें तें मुलांसमोर करतात, आणि जें येत नाहीं तें दार लावून. आजोबांचें शब्दकोडें अडलें असेल तर तें त्यांनीं मुलांच्या अभ्यासाच्या खोलींत बसून अडूं द्यावें, खोडरबर मागावें. आणि आजी सत्तराव्या वर्षीं मोबाईलवर विजेचें बिल भरावयास शिकत असतील, तर त्यांनींहि तेथेंच शिकावें. आंकडा चुकेल, पुन्हां पहिल्यापासून करावें लागेल, आणि नातीला हांक मारावी लागेल.